पाणी नको, फळ गोठवा

प्रस्तावना

फळ, बर्फ आणि थोडं मद्य मिक्सरमध्ये एकत्र फिरवलं की जे दाट, गारेगार पेय तयार होतं, त्याचं हे पुस्तक आहे. पिन्या कोलादा, फ्रोझन डायकिरी, फ्रोझन मार्गारिता ही त्यातली गाजलेली नावं. आपल्यापर्यंत ती हॉटेलांच्या मेनूकार्डांवरून आली, त्यामुळे हा प्रकार बारमध्येच व्हायचा, घरी जमायचा नाही, अशी समजूत रुजली. बारमध्ये मात्र पुष्कळदा पदरात पडतं ते बाटलीतल्या सिरपाचं पेय. एप्रिलमध्ये कोपऱ्यावरच्या गाडीवर हापूस घमघमत असताना आंब्याचं सिरप कशाला प्यायचं? ज्या घरात बरा मिक्सर आहे, फ्रीझरमध्ये एक डबा मावेल एवढी जागा आहे आणि हाकेच्या अंतरावर फळवाला आहे, त्या घरात हे पेय कुठल्याही बारपेक्षा चांगलं होतं. हे पटवून देणं हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

मी मुंबईत, वर्सोव्यात राहते आणि ही सगळी पेयं इथल्याच स्वयंपाकघरात तयार झाली. यारी रोड, सात बंगला, चार बंगला हा पट्टा भाड्याच्या लहान घरांचा. सिनेमा-मालिकांत काम शोधणारी, संकलन किंवा लेखन करणारी तरुण माणसं दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेतात. त्यांच्या ओट्यावर शेगडी, कुकर आणि मिक्सर एवढंच असतं, पण मिक्सर असतोच. चार बंगल्याच्या बाजारात मासळी आणि भाजीच्या शेजारीच फळं मिळतात. या पुस्तकातल्या कृती मी अशा घरांचा विचार करून बेतल्या आहेत. शेकर, जिगर, गाळणी यांचा संच विकत आणा, असं मी कुठेही सांगितलेलं नाही.

वर्सोव्याचं दुसरं देणं म्हणजे बर्फाची समज. वेसावे, म्हणजे वर्सोव्याच्याच, कोळीवाड्यातली होडी समुद्रात निघण्याआधी बर्फ भरून घेते, कारण मासळी पकडणं हे अर्धं काम आणि ती ताजी राखून किनाऱ्याला आणणं हे उरलेलं अर्धं. कोळणीच्या पाटीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिला बर्फ हवा असतो, पण वितळलेल्या बर्फाचं पाणी ती मासळीखाली साचू देत नाही. पाणी साचलं की मासळीची चव आणि घट्टपणा दोन्ही जातात. थंडावा हवा, पाणी नको. फळांच्या कॉकटेलचा गाभाही नेमका हाच आहे आणि या पुस्तकातली प्रत्येक कृती त्यावर उभी आहे. मासळीचा बर्फ ग्लासात घालायचा नाही, हे मात्र आवर्जून सांगते. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यावा लागतो, तो ही सरमिसळ टळावी म्हणूनच.

हे पेय परक्या किनाऱ्यावरचं आहे, हे खरं. पण तो किनारा वाटतो तितका परका नाही. पिन्या कोलादाचं गाव म्हणजे पोर्तो रिकोमधलं सॅन हुआन, आणि ते साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्सोवा एकोणीस अंशांच्या किंचित वर. तोच दमट समुद्रवारा, तीच नारळाची झाडं, तसाच ऊस. आपण ज्यांना आपलीच म्हणतो त्यातली कितीतरी फळं त्या बाजूची आहेत. अननस, पेरू, पपई, सीताफळ, चिकू, काजू ही सगळी झाडं मूळची अमेरिका खंडातली. त्यातली बरीचशी पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली. वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढला जो किल्ला दिसतो तो त्याच पोर्तुगीजांचा; १७३९ साली तो मराठ्यांनी घेतला. किल्ला हातचा गेला, राज्य गेलं, फळं मात्र इथल्या मातीत रुजली. डहाणू-घोलवडच्या चिकूला आणि गोव्याच्या काजू फेणीला आज भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा आपल्या पेरूचं किंवा अननसाचं कॉकटेल करताना आपण कुणाची नक्कल करत नाही. चारशे वर्षं परसात असलेल्या फळाला एक नवं रूप देतो, इतकंच.

या पेयाचा इतिहास यंत्राच्या इतिहासाबरोबर चालतो. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टीफन पोप्लाव्स्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं, ते दूध आणि माल्ट घुसळण्यासाठी. १९३७ साली फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या संचालकाने सुधारलेलं यंत्र शिकागोच्या उपाहारगृहांच्या प्रदर्शनात मांडलं, आणि बारमालकांना त्यात डायकिरीची सोय दिसली. त्याच काळात हवानाच्या एल फ्लोरिदिता बारमध्ये कॉन्स्तांतिनो रिबालाइगुआ रम, लिंबू, साखर आणि बर्फ यंत्रात फिरवून हिमासारखी डायकिरी देत होते. १९५४ साली सॅन हुआनच्या कॅरिबे हिल्टन हॉटेलमध्ये रामोन मारेरो यांनी अननस, नारळ आणि रम एकत्र आणून पिन्या कोलादा घडवला, असं मानलं जातं; त्याच शहरातलं बाराचिना हे उपाहारगृहही त्यावर हक्क सांगतं. १९७८ साली पोर्तो रिकोने पिन्या कोलादा आपलं राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केलं. १९७१ साली डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी सॉफ्टी आइस्क्रीमच्या यंत्रात मार्गारिता गोठवली, आणि ते यंत्र आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

आपल्या मिक्सरची कथा याहून वेगळी आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथूर हे अभियंते सीमेन्समध्ये नोकरीला होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही. ओली डाळ, सुकं खोबरं, हळकुंडं, खडा मसाला हे त्या मोटरच्या आवाक्याबाहेरचं होतं. माथूरांनी मग त्यासाठी लागणारी ताकदवान मोटर आणि स्टीलची भांडी तयार केली, आणि ‘सुमीत’ घरोघरी पोचला. त्यामुळे आपल्याकडचा साधा मिक्सरही कठीण पदार्थ फोडण्यासाठीच जन्मला आहे. जो रोज ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ वाटतो, त्याला गोठलेल्या आंब्याची फोड जड नाही. आता ७५० किंवा १००० वॅटचे मिक्सर मध्यमवर्गीय घरांत सर्रास असतात. महागडा परदेशी ब्लेंडर असेल तर आनंदच आहे, पण त्यासाठी थांबून राहण्याचं कारण नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बर्फ पेय गार करतो तो मुख्यतः वितळून. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. एवढी उष्णता तो पेयातून ओढून घेतो, म्हणून पेय झटकन थंड होतं. पण त्याची किंमत पाण्याने मोजावी लागते. शंभर ग्रॅम बर्फ वितळला की ग्लासात शंभर ग्रॅम पाणी आलं. मग फळ फिकं लागतं, म्हणून साखर वाढवायची. साखर फार झाली म्हणून लिंबू वाढवायचं. आणि शेवटी हाती येतं ते आंब्याच्या रंगाचं लिंबूसरबत. याला उपाय एकच: पाणी गोठवण्याऐवजी फळ गोठवायचं. गोठलेली फोडही वितळूनच गारवा देते, पण तिच्यातून सुटतो तो रस असतो. शेवटच्या घोटापर्यंत चव पातळ होत नाही. फळ गोठताना त्याच्या पेशी फुटतात आणि बर्फ सुटल्यावर ते लिबलिबीत होतं, म्हणून एरवी ते खायला बरं लागत नाही. इथे मात्र आपण स्वतःच ते वाटणार असतो, तेव्हा हा दोष उरतच नाही.

ताकदवान मिक्सर का हवा, याचं उत्तरही इथेच आहे. पात्याच्या घर्षणाने पेय तापतं. ७५० वॅटचा मिक्सर मिनिटभर चालला तर तो पंचेचाळीस हजार ज्यूल ऊर्जा घेतो. त्यातली निम्मी जरी भांड्यात उतरली, तरी साठ-पासष्ट ग्रॅम बर्फ वितळायला ती पुरते. अशक्त मिक्सर दोन-तीन मिनिटं रखडतो आणि जे गार करायचं तेच तापवत बसतो. ताकदवान मिक्सर हे काम वीस-तीस सेकंदांत उरकतो आणि पेय दाट असतानाच ग्लासात पडतं. मिक्सरच्या ताकदीचा खरा फायदा हा वाचलेला वेळ आहे.

एका ग्लासाचं मूळ माप असं: गोठवलेल्या फळाच्या फोडी १५० ग्रॅम, मद्य ४५ मिलिलिटर, लिंबाचा रस २० मिलिलिटर, साखरेचा पाक १५ ते २० मिलिलिटर, पात्याला फिरता यावं म्हणून गार पाणी किंवा फळाचा रस ४० मिलिलिटर, आणि चिमूटभर मीठ. आधी पातळ पदार्थ, वर फोडी. पहिल्यांदा थांबत थांबत दोन-तीन झटके द्यायचे, मग पूर्ण वेगावर एकदाच फिरवायचं. साखरेला इथे गोडीपलीकडचंही काम आहे. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेय मऊ होतं. शिवाय थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून भांड्यात चाखताना जरा जास्त गोड आणि जरा जास्त आंबट वाटलं, तरच ते ग्लासात बरोबर लागतं. मीठ कडवटपणा दाबतं आणि फळ पुढे आणतं. पेरूला तिखट-मीठ लावून खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

पुस्तकाची प्रकरणं मी मद्याप्रमाणे न लावता ऋतूंप्रमाणे लावली आहेत, आणि यामागे माझा ठाम विचार आहे. बाटली बारा महिने मिळते. फळ वाट पाहायला लावतं. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी: देठ काढून अख्खी गोठवायची. हिवाळ्यातच पेरू, पण त्याच्या बिया पात्याने फुटून कचकच लागतात, म्हणून गर आधी हळू फिरवून गाळायचा आणि मग गोठवायचा. उन्हाळ्यात कलिंगड, अननस आणि आंबा. हापूसच्या गरात धागे नाहीत आणि पेक्टिन भरपूर, त्यामुळे साय न घालताही पेय साईसारखं होतं. त्याला लिंबू थोडं जास्त लागतं, कारण पिकलेल्या हापूसमध्ये आंबटपणा बेताचाच असतो. कैरी उकडून केलेलं पन्हं ट्रेमध्ये गोठवलं की त्याचे तुकडे जिनबरोबर सुरेख फिरतात. ताडगोळा गोठवू नये, त्याची नाजूक चव हरवते. तो ताजाच बारीक चिरून वर घालावा. मे-जूनमध्ये जांभूळ. त्याचा तुरटपणा मिठाने निवतो आणि रंग असा येतो की दुसऱ्या कशाचीही सजावट लागत नाही. करवंदाचा चीक काढायला ती किंचित शिजवून गाळावी लागतात. पावसाळ्यात ताजं फळ कमी झालं की कोकमाचं आगळ कामाला येतं. आगळात मीठ असतंच, तेव्हा वेगळं घालू नये. पाऊस सरता सरता सीताफळ. त्याच्या बाबतीत एक नियम कधीच मोडायचा नाही: प्रत्येक बी हाताने काढायची. त्या बिया विषारी असतात, त्या पात्याखाली कदापि जाता कामा नयेत. चिकू जवळजवळ वर्षभर मिळतो, आणि त्याच्या रवाळ, खमंग गोडीला जुन्या रमइतकी साथ दुसरं कुणी देत नाही.

नारळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पिन्या कोलादा ज्या डबाबंद गोड नारळसायीवर उभा आहे, ती पोर्तो रिकोमध्ये रामोन लोपेझ इरिझारी या कृषितज्ज्ञाने बाजारात आणली, कारण नारळ खवून रस काढणं कष्टाचं काम होतं. आपल्या घरांत सोलकढीसाठी हे काम कायमच होत आलं आहे. ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पहिला दाट रस काढा, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळी येऊ देऊ नका, आणि गार करून वापरा. डब्यातल्या सायीला हा ताजेपणा नाही. गोठलेला अननस, हा रस आणि काजूची फेणी यांचं जे पेय होतं, त्याला मी या पुस्तकात मानाची जागा दिली आहे. फेणीचा उग्र वास एकट्या ग्लासात अनेकांना सोसत नाही. अननसाबरोबर तोच वास पिकलेल्या फळासारखा वाटू लागतो. मार्च ते मे या दिवसांत गोव्यातून किंवा तळकोकणातून कुणी उर्राक, म्हणजे काजूचंच पहिल्या धारेचं मद्य, आणला, तर तो फेणीपेक्षा बराच सौम्य असतो हे लक्षात ठेवून माप बदलावं.

मद्याच्या मापाबद्दल मी आग्रही आहे. गोड, गार आणि दाट पेयात मद्य लपतं. भारतात रम, जिन, व्होडका बहुतेक ४२.८ टक्क्यांच्या असतात. ४५ मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल एकोणीस मिलिलिटरच्या वर जातं, म्हणजे पावणेतीनशे मिलिलिटरचा आपला ग्लास सात टक्क्यांचा झाला. स्ट्राँग बिअरच्या जवळ जाणारं हे पेय लहान मुलांच्या मिल्कशेकसारखं दिसतं, आणि म्हणूनच ते डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये. मद्य वाढवलं की पेय बिघडतंही: मद्य घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, उलट भोवतालचं फळ लवकर वितळवतं. बाटली मात्र आधी फ्रीझरमध्ये ठेवावी, कारण गार मद्य फोडींना कमी सतावतं. कायदाही माहीत असावा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि लागू आहे. रम-जिनसारख्या मद्यासाठी वय २५ पूर्ण लागतं, बिअर आणि वाइनसाठी २१, आणि परवाना लागतो. तो एक दिवसाचाही मिळतो, आजीवनही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. घरी बोलावलेल्या पाहुण्याला रिक्षा करून देणं हे यजमानाचं कर्तव्य मी मानते.

या पुस्तकातली प्रत्येक कृती मद्याशिवायही दिली आहे, आणि ती कमीपणाची पर्यायी कृती म्हणून दिलेली नाही. मद्याच्या जागी थंड चहाचा कडक अर्क, आल्याचा रस किंवा कोकमाचं पाणी घातलं की पेयाला तोच धारदारपणा येतो. एकाच मिक्सरमधून आजोबांना, नातीला आणि मित्रांना देता येईल असं पेय निघावं, अशी माझी इच्छा आहे. फळ आधी फिरवून सगळ्यांना वाटावं आणि मद्य शेवटी, ज्याच्या त्याच्या ग्लासात, मोजून घालावं.

यंत्राची काळजी थोडक्यात. फळांसाठी एक भांडं वेगळं ठेवा, निदान झाकणाचं रबर तरी वेगळं ठेवा; लसणाच्या चटणीचा वास रबरात मुरतो आणि स्ट्रॉबेरीत उतरतो. फ्रीझरमधल्या फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवून मगच टाका. पातळ पदार्थाशिवाय नुसता बर्फ कधी फिरवू नका. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका: बटण बंद करून काही मिनिटं थांबा, मग खालचं लाल बटण दाबा. मोटर जळू नये म्हणूनच तो थांबलेला असतो. शेवटी भांड्यात अर्धं पाणी आणि साबणाचा थेंब घालून एकदा फिरवलं की निम्मी सफाई झाली. आणि इमारतीत भिंती पातळ असतात, तेव्हा रात्री दहानंतर मिक्सर लावू नका. पेय आधी फिरवून डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. मद्य आणि साखर असल्यामुळे ते दगडासारखं होत नाही, चमच्याने ढवळलं की पुन्हा ओतता येतं.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आज कुठला महिना आहे ते पाहा, ते प्रकरण उघडा, आणि कृती वाचण्याआधी बाजारात जा. पूर्ण पिकलेलं, वास सुटलेलं, दोन दिवसांत खावंच लागेल असं फळ मागा. फळवाला ते बहुधा कमी भावातही देतो. घरी येऊन सोला, चिरा, फोडी एकमेकींना चिकटणार नाहीत अशा ताटलीत पसरून गोठवा आणि उद्या डब्यात भरा. हा डबा भरलेला असला की अर्धं कॉकटेल झालं. उरलेलं अर्धं काम तीस सेकंदांचं आहे, आणि ते कसं करायचं ते पुढच्या पानांत आहे.